दाणा की रोकड

आमच्याकडे दादरच्या कापणीला पहिल्या सकाळी एक शब्द बोलला जातो, आणि तो बोलणारी बाई आमच्या घरातली नसते.

दादर म्हणजे रब्बीची ज्वारी. पूर्णेकाठी आमची सात एकर काळी जमीन आहे, तिला पाणी द्यावं लागत नाही. पावसाळ्यात जेवढं पिऊन घेते तेवढ्यावर ती दादरला थेट फाल्गुनापर्यंत पोसते. वरच्या अंगाला केळी आहेत, त्यांचं ठिबक, खत, फवारणी, सगळा बडेजाव. दादरला कोणी विचारतही नाही, आणि ती माणसाच्या डोक्यावर हातभर जाते. कडबा लांब राहावा म्हणून मशीन लावत नाहीत, बायका विळ्याने कापतात.

मजुरी दोन प्रकारची. रोकड घेतली तर दिवसाचे तीनशे रुपये. दाणा घेतला तर दिवसाची नऊ किलो दादर, तीही मळणी झाल्यावर, खळ्यावरून मोजून. ह्यातलं काय, ते टोळीची म्होरकी पहिलं धाट कापण्याआधी सांगते. एकदा सांगितलं की सगळ्या बायकांना तेच आणि सगळ्या दिवसांना तेच, मग बाजार कुठेही जावो.

म्होरकी बेबाबाई. साठी ओलांडलेली, बारीक, उन्हाने रापलेली. तीस वर्षं अकरा बायकांच्या वतीने तो शब्द बोलत आलेली. गेल्या वर्षी मात्र तिने 'रोकड' म्हटलं आणि मळणीपर्यंत दादर किलोला तेहतिसावरून चाळीसवर गेली. बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत. पण टोळीतल्या पुनाने पाणवठ्यावर सांगून टाकलं होतं, "यंदा चुकली तं पुढच्या वर्षापासून टोळी मी नेईन."

हे सगळं मला ठाऊक होतं, कारण माझं लक्ष असतं. माझ्या सासूबाई म्हणतात, "चारूचं लक्ष भिंतीतल्या मुंगीवरही असतं." त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मी अजून ठरवलेलं नाही.

मी धुळ्याची. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. केलं आणि लग्न होऊन ह्या मुक्ताईनगर तालुक्यात आले. नवरा, तेजस, नरडाण्याला एका पशुखाद्याच्या कारखान्यात मक्याची खरेदी बघतो. शनिवारी येतो, सोमवारी जातो. रोज सकाळी त्याच्या कारखान्यात भावांचा एक तक्ता येतो. वर शिकागोचा मका, मग काळ्या समुद्रावरचा गहू, थायलंडचा तांदूळ, त्याखाली इंदूर, जामनेर, दोंडाईचा, आणि अगदी तळाच्या ओळीत दादर. माझ्या लेकीच्या, आयुषीच्या वेळच्या बाळंतपणात पडल्या पडल्या काहीतरी वाचायला हवं म्हणून मी तो मागितला, तेव्हापासून तो मला रोज येतो.

सांगून कोणाला पटणार नाही, पण त्या तक्त्याने मला गप्प करून टाकलं होतं. ब्राझीलमध्ये पाऊस चांगला पडला की आठवड्याभरात जामनेरचा मका क्विंटलमागे दहा-वीस रुपयांनी हलायचा. कोणत्या तरी समुद्रात जहाजं अडली की आमच्या इथल्या पावाच्या लादीची किंमत वाढायची. मी कडेवर पोर घेऊन उभी राहायचे आणि वाटायचं, अख्खी पृथ्वी एका दोरीने बांधलेली आहे आणि दोरीचं एक टोक माझ्या स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्याला आहे. भीतीही वाटायची. अंगणवाडीत आयुषीच्या वजनाचा कागद आहे, त्यावरची रेघ दोन महिने आडवी पडली होती. तक्त्यातल्या रेघा आणि ती रेघ मी एकाच नजरेने बघायचे.

होळीच्या आदल्या आठवड्यात तेजसचा फोन आला.

"चारू, ज्वारी पडणार. मका स्वस्त झालाय. खाद्याला जी हलकी ज्वारी लागायची ती कोणी घेत नाही, ती सगळी बाजारात उतरतेय. ती दादरलाही खाली ओढणार. आज तेहतीस आहे. पाडव्यापर्यंत सव्वीस. लिहून देतो."

"लिहून नको देऊस. तुझं अक्षर तुलाच लागत नाही."

"हसू नको. नानांना सांग, मळणी झाली की लगेच विकून टाका."

नाना म्हणजे माझे सासरे. दुपारी ताटावर मी सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"हे उंबऱ्याच्या आत ऱ्हायलं पाहिजे," ते म्हणाले.

"पण नाना, परवा कापणी. बेबाबाईने दाणा म्हटलं आणि भाव पडला तर त्यांचं नुकसान. तीनशेच्या जागी सव्वादोनशेच्या आसपास."

"अन् तू सांगितलं, तिनं रोकड म्हटलं, अन् भाव चढला तर? मग ती म्हणेल पाटलाच्या सुनेनं फसवलं. तिचा शब्द तिनं तिच्या अकलेनं द्यायचा, सूनबाई. आपण सांगितला की तो आपला शब्द होतो. माझ्या बापानं कधी सांगितलं नाही, मी सांगितलं नाही."

मी मान हलवली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं की ही मान नुसतीच हललेली आहे.

कारण आयुषी झाल्यावर तीन महिने रोज तिला न्हाऊ घालायला बेबाबाई यायची. मला घाम फुटायचा, पोर निसटेल म्हणून. ती पायावर घेऊन अशी चोळायची जणू पीठ मळतेय. तिला मी काही न सांगता खळ्यावर उभी राहणार, आणि तिची टोळी तिच्या हातातून जाताना बघणार? मला ते जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर आयुषीला घेऊन मी तिच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढे ओटा, आणि एकाच भिंतीपलीकडे पुनाचं घर. बेबाबाई ओट्यावर विळा घासत बसली होती. विळा बाजूला सारून तिने आधी पोर मागितली. दोन्ही हातांवर घेऊन जरा वर-खाली केली.

"सात किलो," ती म्हणाली. "अन् वरती पावशेराले थोडं कमी."

त्याच सकाळी अंगणवाडीच्या काट्यावर आयुषी सात किलो दोनशे ग्रॅम भरली होती. मी कोणालाही सांगितलं नव्हतं. मी तिच्या हातांकडे बघत राहिले.

"अशी काय पाह्यते? जल्मभर दाणा मोजला. पोर काय येगळं असते?" मग आयुषीला मांडीवर घेत, "दात येऊ ऱ्हायले तिले. मंग वाढन. तू नको वाळू तिच्या पायी."

मी सगळं सांगितलं. ब्राझील, मका, खाद्याची ज्वारी, सव्वीस. मला वाटलं होतं तिला शिकागो वगैरे काही कळणार नाही. पण सगळं ऐकून तिने एकच प्रश्न विचारला.

"पडन म्हन्ते. कुठी पडन?"

"बाजारात."

"कोन्या बाजारात?"

"दोंडाईचा, जळगाव. सगळीकडेच."

"कांतीलालच्या दुकानात?"

मी तक्ता आठवून पाहिला. त्यात गावातल्या कांतीलालच्या किराणा दुकानाची ओळ नव्हती.

"मी कदी दोंडाईच्याले ज्वारी घ्याले गेली नही," बेबाबाई म्हणाली. "मले पोतं इकाचं नही, मले पाच किलो आनाचे ऱ्हायतात."

"पण बेबाबाई, भाव तर सगळ्याचाच एक असतो ना शेवटी—"

"भाव भाव काय करती व पोरी. भाव दोघांचा असते. एक दान्याचा, एक हाताचा." तिने आपला पंजा पुढे केला. "माही माय तुमच्याच वावरात कापे. नानाच्या बापाच्या टायमाले. दिवसभराचा तिले सव्वा शेर भेटे. आमी सात तोंडं. माहं लगन झालं तवा तीन किलो. थोरला झाला तवा चार. धाकटीच्या पाचवीले पाच व्हते, मले आठोते, कारन त्या दिवशी मी कापाले गेली नव्हती अन् जीव तुटला माहा. आता नऊ. वावर तेच, विळा तोच, ऊन तेच."

मी तिथेच ओट्यावर बसून मनात हिशोब लावला. कॉलेजात आम्हाला भावांचे आलेख होते, पन्नास वर्षांचे. सगळ्या रेघा डावीकडून उजवीकडे चढत जायच्या आणि आम्ही खाली लिहायचो, महागाई. बेबाबाईने तेवढ्याच वर्षांची रेघ माझ्यापुढे काढली होती, आपल्या पोरांच्या जन्मांवर खुणा करत, आणि तिच्यात ज्वारी स्वस्त होत आली होती. एका दिवसाच्या घामाला तिच्या आईला मिळायचे त्याच्या सातपट दाणे आज मिळत होते. हे कोणत्याही तक्त्यात मी वाचलं नव्हतं. हे मोजायला एकाच वावरात आई, मुलगी आणि पन्नास हंगाम लागतात.

"मग तुम्ही उद्या काय म्हणणार?"

"सकाळी कळन," ती म्हणाली, आणि आयुषी परत देताना भिंतीकडे बघून जरा मोठ्याने, "भितीलेही कान असतेत."

भिंतीपलीकडे भांडं आपटलं.

घरी येताना मी वाट वाकडी करून कांतीलालभाऊंच्या दुकानात गेले. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन हे किराणा दुकान घातलं. धान्याची पोती अजून त्याच ओळीत उभी असतात.

"भाऊ, दादर काय भाव?"

"बेचाळीस. पण तुम्हाला कशाला? केळीवाल्यांनी आता घरची दादर पण विकत घ्यायची ठरवली की काय?"

"बाजारात तेहतीस आहे."

"बाजारात पोतं मिळतं वहिनी. इथं किलो मिळतो." पुढ्यातल्या पोत्यात हात घालून त्यांनी दाणे वर धरले. "हे चाळायचं, निवडायचं, सोंडे लागू द्यायचे नाहीत. कोणी पाव किलो मागितली तरी तोंड वाकडं करायचं नाही."

"आणि बाजारात सव्वीस झाली तर? तुम्ही कितीवर आणाल?"

ते हसले. कांतीलालभाऊ खोटं बोलत नाहीत, त्यांना त्याची गरज पडत नाही.

"खरं सांगू? भाव चढला की मला फोनवर कळतं, त्याच दिवशी पाटी बदलतो. उतरला की जुन्या भावाचा माल संपू द्यावा लागतो."

"आणि तो किती दिवसांत संपतो?"

आतून त्यांच्या घरच्या हीराबाई बोलल्या, "संपतो लवकर. ह्यांना उशिरा कळतं."

"तू गप बस," भाऊ म्हणाले, पण लाजले. "तीन वर्षांत चाळीसच्या खाली नाही गेली माझ्याकडे. बाजारात चोवीस झाली होती तेव्हापण नाही."

मी रस्त्यावर आले आणि उन्हात उभी राहिले. शिकागोपासून सुटलेली लाट जामनेर, दोंडाईचा असं करत येते, आणि कांतीलालभाऊंच्या उंबऱ्याशी थबकते. चढणारी लाट आत जाते. उतरणारी बाहेरच राहते. आणि अकरा बायका त्या उंबऱ्याच्या आत राहतात. मी मात्र आतापर्यंत बाहेरचंच पाणी मोजत होते.

कापणीच्या सकाळी आम्ही सगळे वावरात होतो. दव अजून सुकलं नव्हतं. दादर उभी होती, एका उंचीची, कणसं खाली वाकलेली, आणि दाणे इतके पांढरे की कोवळ्या उन्हात आतून उजेड आल्यासारखे. आयुषी बघून अवाक झाली, आणि मीही. नानांनी बांधावर नारळ फोडला, विळ्यांना हळदकुंकू लावलं. अकरा जणी पदर खोचून रांगेत.

"बोल बेबाबाई," नाना म्हणाले.

तिने तोंड उघडायच्या आधी पुना पुढे आली. चाळिशीची, रुंद हाडाची, गालात सुपारी.

"दाणा बोलू नको बेबाबाई. सांगून ठेवते. सव्वीस होनार ज्वारी. ह्या वहिनीनंच सांगितलं तुले, मी माह्या कानानं ऐकलं."

नानांनी हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं जमीन भेगाळली तर बरं.

"ऐकलं ते बरं केलं," बेबाबाई म्हणाली. मग नानांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "दाणा."

बायकांत चुळबुळ झाली. पुनाचा आवाज चढला. "गेल्या वर्षी रोकड म्हनली अन् भाव चढला. आता पडनार म्हनून ठावं हाय तं दाणा! तुले सोताचंच खरं करायचं हाय का? मले पाडव्याले पैसे पाहिजेत. माह्या पोरीचं जळगावले नर्सिंगचं नाव लागलं, फी भरायची हाय. दाणा घेऊन मी काय कॉलेजात ओतू?" आणि मग एकदम माझ्याकडे, "वहिनी, तूच सांग. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांग, पडन का नही?"

माझा हात आपोआप आयुषीच्या टाळूवर गेला होता, पण झाकायला. असल्या शपथा मी मानत नाही असं मी कॉलेजात ठासून सांगायचे. तेव्हा मला मूल नव्हतं.

"शपथ नाही," नाना कडाडले. "लेकरू मधे आणायचं नाही कोणी." मग मला, शांतपणे, "पण आता बोललीच आहेस तर पुरतं बोल."

मी बोलले. "बाजारात पडेल. सव्वीस नाहीतर त्याच्या आसपास. पण कांतीलालभाऊंकडे चाळीसच्या खाली येणार नाही, त्यांनीच मला सांगितलं. ज्यांना विकायची आहे त्यांचा तोटा. ज्यांना खायची आहे त्यांचा नाही."

मागून एक म्हातारी म्हणाली, "हे तं आमाले ठावंच व्हतं," आणि दोघी-तिघी हसल्या.

पुना हसली नाही. तिला विकायचीच होती.

बेबाबाई तिच्यापुढे जाऊन उभी राहिली, तिच्या खांद्याएवढी. "पुना, तुले पाडव्याले पैसे पाहिजेत. तीनशेच्या हिशोबानं पाहिजेत. मी देववते."

"कुठून?"

"ते माह्यं काम. नही देववले तं टोळी तुही. ह्या बठ्ठ्या बायांसमोर बोलते."

पुनाने सुपारी थुंकली, विळा उचलला. "ध्यानात ठेवजो," ती म्हणाली. पहिलं धाट कडकन तुटलं.

घरी येताना नाना वाटेत एवढंच बोलले, "बोललीस ते खरं बोललीस. पण बोललीस." तीन दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही, चौथ्या दिवशी घेतला आणि आणखी साखर मागितली.

पुढचे दिवस मी तक्ता थेट तळाच्या ओळीपासून वाचायचे. बत्तीस. साडेतीस. होळीनंतर दोन दिवस तसाच, मग अठ्ठावीस. अर्थशास्त्र शिकलेली बाई म्हणून मला बरं वाटायला हवं होतं, माझं म्हणणं खरं ठरत होतं. पण रोज दुपारी वावरात पाणी घेऊन जायचे तेव्हा पुना कोणाशी बोलत नसायची, आणि बेबाबाई नेहमीसारखी पहिल्या ओळीत वाकलेली. तिचं काय चाललंय ते मला कळत नव्हतं. ती दुपारच्या सुट्टीत एकेकीजवळ जाऊन बसायची, तंबाखू मळायची, काहीतरी विचारायची. लांबून तर गप्पाच वाटायच्या.

पाडव्याच्या तीन दिवस आधी मळणी झाली. तक्त्यात त्या सकाळी साडेपंचवीस.

खळ्यावर दादरचा ढीग पडला होता, इतका शुभ्र की आयुषीला मी बांधूनच ठेवलं म्हणायचं, नाहीतर ती दाणे तोंडात घालणार आणि माझा जीव जाणार. ठसका लागून मुलं जातात, मी वाचलंय. नानांचा माल न्यायला व्यापाऱ्याचा माणूस टेम्पो घेऊन आला होता, लीलाधर नावाचा, हातात काटा, कानाला फोन. आधी मजुरी मोजायची रीत आहे, मग धन्याचं. बारा दिवसांचे एकशे आठ किलो, एकेकीला दोन दोन पोती. अकरा बायकांची पोती रांगेत लागली.

पुना आपल्या पोत्यांपाशी उभी होती. तिने लीलाधरला हाक मारली.

"काय देतू?"

"पंचवीस, मावशी. साडेपंचवीस तिथला भाव, आठ आणे भाडं."

तिने मनाशी मोजलं. मीही मोजलं. सत्तावीसशे. रोकड घेतली असती तर छत्तीसशे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज कडक होता.

"बेबाबाई, पाह्य. पाह्य आता. माह्ये नऊशे कोन देईन? तुहा शब्द?" आणि लीलाधरला, "उचल."

"थांब," बेबाबाई म्हणाली.

लीलाधर थांबला. ती ओळीत उभ्या असलेल्या बायकांकडे वळली.

"कोकिळा, तुह्या घरी तोंडं किती?"

"आठ."

"ही दोन पोती कवालोक जातीन?"

"आषाढापावतर. लय झालं तं."

"मंग?"

"मंग काय. कांतीलालभाऊ हायेच."

"अन् त्याच्यासाठी तू पैसे काढून ठेवते पाडव्याले. दर वर्षी. मडक्यात का डब्यात ते मी नही विचारत." बायका हसल्या. "बेचाळीसनं घेशीन. मंग पुनाचा दाणा घे. हाच वावरातला, तूच कापलेला, एक खडा नही त्यात. चौतीसनं."

लीलाधर हसला. "मावशी, चौतीस कोणत्या जगात? शिकागो पडलंय—"

"तू तुह्या जगात पाह्य बापा. तुले टेम्पो भराचा हाय."

कोकिळा विचारात पडली. "तीस कर."

"तीस केले तं पुनाचे पैसे भरत नही. चौतीस. कमी नही, जास्त नही."

"बेचाळीस कुठी अन् चौतीस कुठी," मागची म्हातारी पुटपुटली. "तिले नको असन तं मले पंचवीस किलो दे."

"मी नही म्हनलं नको!" कोकिळा उसळली. "मले एक पोतं. आख्खं."

आणि मग मी जे पाहिलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. दोन मिनिटं झाली असतील. म्हातारीने पंचवीस, एकीने दहा, एकीने "माह्या भावजईसाठी पंधरा, ती रोज म्हन्ते कांतीलालची ज्वारी खडी लागते." बेबाबाई काट्यापाशी बसली, मापं टाकत गेली, आणि कोणाचं किती ते ओठ न हलवता डोक्यात ठेवत गेली. दुपारच्या सुट्टीत ती हेच विचारत फिरली होती, कोणाच्या घरी तोंडं किती, कोणाचा दाणा कधी संपतो, कोणी काय बाजूला ठेवलंय. बारा दिवस ती कापता कापता एक बाजार उभा करत होती, आणि आमच्यापैकी कोणालाच दिसला नव्हता. बाहेर पंचवीस, दुकानात बेचाळीस, आणि ह्या दोहोंच्या मधे, खळ्यावर, तिने चौतीस पेरून ठेवला होता. पुनाला तीनशेपेक्षा जास्त पडत होते. घेणारीला बेचाळीसपेक्षा कमी. ज्या नानांना कापणीच्या सकाळी वाटलं असेल की सुनेने घर बुडवलं, त्यांची मजुरी त्या दिवशीच्या भावाने स्वस्तातच गेली होती. इतकी माणसं उभी होती आणि कोणाच्याच ताटातलं काही कमी झालं नव्हतं. मी चार वेळा मनात फिरवून पाहिलं. कुठेतरी कोणीतरी हरलं असेल म्हणून शोधलं. खळ्यावर सापडलं नाही.

पुनाच्या पोत्यात शेवटी चारेक किलो राहिले. ते मी घेतले, चौतीसनेच, धुळ्याला आईसाठी. ती तिथे दुकानातून पंचेचाळीसने घेते. नानांनी बघितलं. घरात दादरचे ढीग असताना सून दादर विकत घेते आहे. फक्त लीलाधरला म्हणाले, "तू का उभा? भर की."

लीलाधर माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाला, "वहिनी, ही बाई आमच्या शेठला पाहिजे होती."

"तुमच्या शेठला परवडणार नाही," मी म्हणाले.

बायका संध्याकाळपर्यंत पैसे घेऊन येतो म्हणाल्या आणि खरंच आल्या. दहाच्या, वीसच्या नोटा, घडी घातलेल्या, एकीच्या नोटांना तर हळद लागलेली. पुनाने त्या दोनदा मोजल्या, मग कमरेच्या पिशवीत घातल्या. बेबाबाई खळ्यावर सांडलेले दाणे हाताने गोळा करत होती, एकेक, घाई न करता. पुना तिच्याजवळ गेली. मला वाटलं काहीतरी बोलेल, माफी, नाहीतर आभार. तिने खाली बसून दाणे वेचायला सुरुवात केली.

वेचता वेचता तिने विचारलं, "उद्या कोनाच्या वावरात?"

"तोतारामआबाच्या. गहू हाय."

"काय बोलनार हायेस?"

"सकाळी कळन," बेबाबाई म्हणाली.

"बरं," पुना म्हणाली. "मी लवकर येते."